धाकट्याचा अर्ज

कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो आणि सहीपूर्वी प्रत्येक अर्ज अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवतो, असा माझा नियम आहे.

माझा धाकटा भाऊ शरीरसौष्ठवासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेत असे. ती सोडल्यावर रक्ततपासणीत कळले की, त्याचे शरीर ते संप्रेरक आता स्वतः फारसे बनवत नाही आणि त्यामुळे मूल होणेही कठीण आहे. डॉक्टरांना सगळे सांगण्याची त्याला लाज वाटे. म्हणून मीच त्यांच्या नावे अर्ज लिहिला, त्यात इंजेक्शनांची यादी दिली आणि वाचू लागलो. ‘अर्जदारास बाप व्हावयाचे आहे’ या ओळीवर त्याने मला थांबवले.

“दादा, हे मी कधी बोललो?”

“पहिलवान, परवा माझ्या लेकीचं बाळ खांद्यावरून उतरवत नव्हतास. अपने को दिखता है.”

त्याने सही केली. एवढ्या रुंद हाताची सही फार बारीक आली. शेजारी साक्षीदार म्हणून मी माझीही केली, जी अशा अर्जाला लागत नाही.