मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, ‘आलं, आलं!’

ऐकणाऱ्या कॉम्प्युटरला मी फक्त स्वतःचंच ऐकायला सांगून ठेवलं होतं. चूक एवढीच. ती सापडेपर्यंत मी सासऱ्यांचे गुडघे मात्र कामाला लावले.

कुरुंद्याला सासऱ्यांची हळदीची खरेदी चालते. रस्त्याला लागून भुईकाटा, शेजारी पत्र्याची केबिन आणि आवाराच्या पार मागच्या टोकाला ऑफिस. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन केबिनमधल्या कॉम्प्युटरवर दिसतं. ते घेऊन मामांनी ऑफिसपर्यंत चालत जायचं. हंगामात ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि मामांचे गुडघे आता पायरी नुसती बघूनही दुखतात. तेव्हा मी भरल्या ताटावर जाहीर केलं, "मामा, यंदा आकडा आपोआप ऑफिसात येईल. पायथॉनमध्ये चार ओळींच्या प्रोग्रामचं काम आहे." पुण्यात नोकरी करणाऱ्या जावयाला असं बोलायची मुभा असते.

दोन कॉम्प्युटरांनी बोलायचं तर दोघांकडे सॉकेट, म्हणजे निरोपाच्या ये-जा करण्याचं दार, उघडावं लागतं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं कान लावून बसायचं. यातल्या सभ्य पद्धतीत आधी जोडणी होते, आणि पलीकडे कुणी ऐकत नसेल तर पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. मी घाईत दुसरी पद्धत घेतली, यूडीपी. तिच्यात आकडा फेकायचा आणि मोकळं व्हायचं. पोचला का, हे ती विचारतच नाही. म्हटलं, विचारायला मामा आहेत की.

मामांना ऑफिसात बसवलं, मी केबिनमध्ये. दोघांचे फोन चालू. काट्यावर रिकामा ट्रॅक्टर.

"आलं का, मामा?"

"आलं, आलं!"

"किती आलं?"

"जेवढं तुमी पाठवलं तेवढं. बराबर."

हे उत्तर ऐकून कुठल्याही शहाण्या माणसाला शंका आली असती. मी खूष झालो. तरी म्हटलं, आकडा सांगा. फोनमध्ये चपलांची फटफट ऐकू आली, मग धाप, मग, "एकवीसशे चाळीस."

तंतोतंत! ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून पुन्हा चढवला. पुन्हा फटफट, पुन्हा धाप, पुन्हा तंतोतंत. नेटवर्क जरा हळू आहे, असं मी निदान केलं. केबल बदलली. वेग वाढावा म्हणून फायरवॉलही बंद केली. आणि दर खेपेला, "आता बघा, मामा!"

तेवढ्यात बायको चहा घेऊन आवारात आली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, तुमी काहून त्या खिडकीत डोकावून राहिले?"

मी वळलो. पाठीमागच्या खिडकीत मामा. कानाला फोन, नजर माझ्या स्क्रीनवर.

"जावयाला न्हाई कसं म्हणावं गं?" ते तिला म्हणाले. "इतकी मेहनत करून राहिले बिचारे."

ऑफिसातल्या स्क्रीनवर सकाळपासून काहीच उमटलं नव्हतं. ऐकणाऱ्या प्रोग्राममध्ये मी 127.0.0.1 हा पत्ता लिहिला होता. त्याचा अर्थ 'मी स्वतः'. पुण्यात एकाच लॅपटॉपवर दोन्ही प्रोग्राम चालवून बघितले तेव्हा सगळं झकास चाललं होतं, कारण तिथं माझा लॅपटॉप स्वतःशीच बोलत होता. बायको म्हणाली, लॅपटॉप धन्यावर गेलाय.

त्या जागी 0.0.0.0 लिहिलं, म्हणजे कुठूनही आलेलं ऐक. केबिनमधून आकडा पाठवला आणि आवार ओलांडून धावत गेलो. या वेळी मीच. स्क्रीनवर आकडा उमटला होता. मामा मागून हळूहळू येऊन खुर्चीत टेकले आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहिले.

मला चेव आला. "मामा, इथून पुढं जावई-बिवई विसरायचं. जे खरं असेल ते तोंडावर सांगायचं."

"सांगू म्हणता?"

"बिनधास्त सांगा."

मामांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "अख्ख्या हंगामात चाललो न्हाई, तेवढं तुमी आज एका सकाळी चालवलं."