दगडावरचं दुसरं नाव

धर्मपालकाका तीस वर्षं दिग्रस आगारात कंडक्टर होते, आणि त्या नोकरीने त्यांना एकच गोष्ट शिकवली: तिकीट दाखवेपर्यंत गाडीतला प्रत्येक माणूस फुकट्या. रिटायर झाले तरी खोड काही जाईना. बायकोने चहा दिला तरी आधी कपात डोकावून बघणार, दूध कमी तर घातलं नाही ना!

आणि अशा माणसाला गावाने दगडाच्या कमिटीत घेतलं. घाटंजीच्या अलीकडच्या या गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेला दगड आहे. पहिल्या महायुद्धावर या गावची अकरा माणसं गेली, त्यातल्या दोघांनी प्राण दिले, एवढंच त्यावर कोरलंय. नाव एकाचंही नाही. शंभर वर्षं उलटल्यावर आता नावं कोरायची ठरली. परत आलेल्या नऊ जणांची नावं घरोघरी जुळली. मेलेल्या एकाचा सरकारी कागद निघाला. राहिलेला दुसरा म्हणजे काकांचा पणजोबा तानबा, हे सारं गाव धरूनच चाललं होतं. दर सव्वीस जानेवारीला दगडापुढे पहिला नारळ काकांच्या घरचा फुटायचा, आणि काका त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून छाती काढून उभे राहायचे.

सभेत साधना उठली. शेजारच्या गल्लीतली, अंगणवाडीत काम करणारी. "आमच्या घरचा उकंडाबी लढाईवर गेलता. तोबी वापस आला नाही."

"पुरावा?" काका गुरकावले.

"माही आजी सांगे."

"आजी सांगे म्हणून कोणाले फुकटात बसवत नाही मी! नारळाच्या मानावर डोळा हाये तुहा, समजते मले."

साधनाला भयंकर राग आला. "मंग तुमची पणजी छप्पन सालापर्यंत कुंकू काहून लावत होती? नवरा मेल्यावर कोणी लावते काय? धम्म घेतला तवा कुठं सोडलं!"

मेल्याचा कागद आला नव्हता, बिचारी वाट पाहत होती, असं काका कसंबसं बोलले. पण त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं का? छे!

घरी त्यांची आई कौसल्या तुरीच्या शेंगा सोलत होती. पंच्याऐंशीची झाली, पण डोकं साबूत.

"माय, तानबा खरंच लढाईत मेला का?"

म्हातारीने टोपलं बाजूला सारलं. "तो बोटीत चढलाच नाही, बापू. मुंबईहून पळाला. गावात आला असता तं पाटलानं धरून देल्ला असता. पुसदकडं राबत राह्यला. सालातून एक डाव तुही पणजी त्याले तिथल्या बाजारात भेटे. घंटाभर बसत, अन् आपापल्या वाटेनं जात. पोटच्या पोरालेबी सांगितलं नाही तिनं. लोकं म्हणत, नवरा खाऊन कुंकू लावते. तेबी ती ऐकून घेई. छप्पन साली बाजारात त्याचा सोबतीच भेटला, म्हणे तानबा वारला. घरी आली अन् कुंकू पुसलं. त्याच महिन्यात गावात दीक्षा झाली. मी नवी सून, मलेच तेवढं सांगितलं."

"अन् तू मले आजवर काहून सांगितलं नाही?"

"तू पुरावा मागतला असता."

काका रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी चावडीवर कमिटी जमली होती, साधनाही होती. काका म्हणाले, "दुसरं नाव उकंडाचं कोरा. आमचं यादीतून खोडा."

साधनाने डोळे बारीक केले. "काहून? कोणता नवा डाव हाये, काका?"

मग सगळ्यांसमोर सांगावंच लागलं. लाज वाटत होती, तरी काहीएक न लपवता सांगितलं. सांगून झाल्यावर साधनाने हळूच विचारलं, "हे खरं कायवरून?"

"माही माय सांगते," काका म्हणाले, आणि तिथेच ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडायला लागले. "चाळीस वर्षं एकटीनं सोसलं तिनं. अन् शेवटी नवरा मेला म्हणून कुंकू पुसलं, तवा सारं गाव म्हणे, म्हातारीनं धम्म घेतला."