यासीन कोण?

"आजी, यांच्या मेंदूत डाव्या बाजूच्या नसेत रक्ताची गाठ अडकली आहे. उजवं अंग गेलंय, आणि बोलणंही."

नांदेडच्या डॉक्टरनं असं सांगितलं तवा मी आमच्या मालकाचे जोडे पिशवीत घालून उभी होते. जोडे काहून आणले होते कोण जाणे. पाय तर उचलत न्हवता.

ह्या आजाराला स्ट्रोक म्हणतात. आमी लकवा म्हणतो. आमच्याकडं म्हणतात, अंगावरून वारं गेलं. थंडीतली सकाळ होती, मालक चहा पिऊन राहिले होते, कप हातातून सुटला आन् तोंड एकीकडं वढलं. लोक म्हणले वारं गेलं, तेल चोळून घ्या. आमी तेलवाल्याकडं गेलो. अर्धा दिस तिथंच गेला. मंग हिंगोली, हिंगोलीहून नांदेड. डॉक्टर म्हणले, पहिल्या काही घंट्यांत आणलं असतं तर गाठ इरघळायचं इंजेक्शन देता आलं असतं. म्हणून सांगते, घरात कोणाचं तोंड वाकडं दिसलं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर कोणाचं ऐकू नका. गाडीत घाला आन् मोठ्या दवाखान्यात न्या.

मला लिहिता येत न्हाई. झालं तसं सांगून राहिले.

पहिले काही दिस ते आयसीयूत होते. आयसीयू म्हणजे जिथं आपल्याला जाऊ देत न्हाईत ती खोली. आमी बाहेर फरशीवर बसायचो. तिथं कोणी माळ वढायचं, कोणी मण्यांची तसबी वढायचं, कोणी नुसतंच भिंतीकडं पाहायचं. दार उघडलं की सगळे संगंच उठायचे.

मंग वार्डात आणलं. एका सकाळी सिस्टर मला म्हणली, "आजी, यासीन कोण? मुलगा का तुमचा? बाबा केव्हाचे त्याला हाका मारतायत. बोलवा ना."

माझा लेक बालाजी तिथंच दुधाचा थर्मास धरून उभा होता. तो म्हणला, "कोणी न्हाई सिस्टर. उगं बडबडून राहिले."

मी खाटेजवळ गेले. मालकानं माझ्याकडं पाह्यलं, तोंड गोळा केलं आन् म्हणले, "याऽसेन."

मला बराबर कळलं. बालाजीला बी कळलं होतं. ते कोणा यासीनला हाक मारत न्हवते. ते म्हणत होते, या हुसेन.

आता हे तुमाला सांगावं लागंल. आमच्या गावात मोहरमला सवारी उठते. काठीवर पितळेचा पंजा, त्याला हिरवे-तांबडे कपडे, फुलं. एक जण ती घेऊन निघतो, मागं ढोल, आन् सगळे म्हणतात, या हसन, या हुसेन. आमच्या गावात सवारी घ्यायचा मान हिंदूच्या घरात, म्हणजे आमच्या घरात. माझ्या सासूची लेकरं जगत न्हवती. तिनं सवारीला नवस केला, मंग हे जगले. म्हणून नाव पिराजी. नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई, पण दवाखान्यात घ्यावंच लागतं.

जवान असल्यापासून मालक सवारी घेत. सवारीची देखभाल करणारे मुजावर हैदरभाई पुढं चालून म्हणायचे, "या हसन," आन् मालक म्हणायचे, "या हुसेन." सवारी दारात आली की मी तांब्याभर पाणी त्यांच्या पायावर वतायची. तेवढ्या घडीला ते माझे मालक न्हवते. मी खाली वाकून पाया पडायची. दुसऱ्या दिशी तेच मला म्हणायचे, काल कशी पाया पडलीस, आज चहा बी देईना.

मंदिरासमोर सवारी आली की भजन थांबायचं, सवारीला बुक्का लागायचा. ढोल बी मंदिरापुढं बंद व्हायचा. कोणी आधी थांबायचं हे कोणी कोणाला सांगत न्हवतं.

मंग एका साली दोन्हीकडं नवी पोरं होती. हे म्हणले तुमी थांबा, ते म्हणले तुमी थांबा. कोणी मोबाईल काढला, कोणी दगड. पोलिसांची गाडी आली. मागून बैठक बसली आन् ठरलं, हिंदूंनी सवारी घ्यायची न्हाई, मुसलमानांनी आमच्या गल्लीतून न्यायची न्हाई. बैठकीत आमच्याकडून बोलणाऱ्यांत बालाजी होता. त्याच्या डोक्याला टाके पडले होते, त्यालाच काय बोलावं. मालकानं सवारी सोडली. मंदिरात भजनाला जाऊन बसायचे, टाळ वाजवायचे. आमाला वाटलं इसरले.

डॉक्टर म्हणले, "याला अफेझिया म्हणतात." अफेझिया म्हणजे काय म्हणायचं ते माणसाला कळतं, पण शब्द सापडत न्हाई. डॉक्टरनं समजावून सांगितलं, "काही जणांना एखादाच शब्द उरतो. लहानपणापासून सुरात म्हटलेला, प्रार्थनेतला, कधी कधी शिवीसुद्धा. मग माणूस कशासाठीही तोच शब्द वापरतो."

मी इचारलं, "सगळ्यात जीव ज्याच्यावर, तोच उरतो का?"

"तसं नाही आजी. कुठला शब्द वाचेल ते कोणाच्याच हातात नसतं."

बालाजीला ते ऐकून बरं वाटलं. मला न्हाई वाटलं.

तो बापाजवळ बसून म्हणायचा, "दादा, म्हणा. राम. राम राम." मालक त्याच्या तोंडाकडं पाहायचे, व्हट हलवायचे, कपाळावर घाम यायचा. आन् निघायचं, "याऽसेन." मंग ते रडायचे. बालाजी उठून बाहेर जायचा. गावाकडची त्याची दोस्त मंडळी पाहायला आली, तर त्यानं खालीच सांगितलं, डॉक्टरनं भेटायला मना केलं. डॉक्टरनं कोणाला मना केलं न्हवतं.

घरी सोडायच्या आधी स्पीच थेरपीची म्याडम आली. स्पीच थेरपी म्हणजे बोलायचा व्यायाम. ती म्हणली, "त्यांचा शब्द अडवू नका. तुम्ही पण त्यांच्यासोबत म्हणा, त्याच सुरात, मांडीवर ताल धरून. तो नीट आला की त्याच सुरात दुसरे शब्द घालायचे, पाणी, जेवण. पहिले तीन महिने फार महत्त्वाचे असतात." मंग तिनं इचारलं, "हे त्यांच्यासोबत कोण म्हणायचं?"

मी म्हणले, "हैदरभाई."

"मग त्यांनाच बोलवा की."

तिला ते किती सोपं वाटलं.

घरी आल्यावर बालाजी म्हणला, "आई, तू म्हण त्यांच्यासंग. पर दारं लावून." मी दारं लावून म्हणायची. माझा आवाज बारीक, सूर मला येत न्हाई. मालक माझ्याकडं असे पाहायचे जसं भजनात भलत्या जागी टाळ वाजवणाऱ्या लेकराकडं पाहावं.

मी हैदरभाईकडं गेले. ते बाजंवर बसले होते. त्यांनी मला पाह्यलं आन् आधी त्यांचेच डोळे भरले.

"वैनी, मला कळलं त्याच दिशी निघालो होतो. पोरांनी माझ्या चपला लपवल्या." मंग हसले. "म्हाताऱ्याच्या चपला लपवतात, सांगा. म्हणले, त्या गल्लीत गेलास आन् कोणी मोबाईलवर घेतलं तर पुन्हा ठाण्यात बसावं लागंल."

मी म्हणले, "मी न्यायला आले ना."

"तुमच्यानं न्हाई व्हायचं वैनी. बालाजीला येऊन म्हणू द्या. मंग माझी पोरं बी गप बसतील."

मी बालाजीला सांगितलं. हळद शिजवायचे दिस होते, तो शेतातच राहायला लागला. हळद वाळली, बाजारात गेली. ते तीन महिने तिथंच गेले.

एक दिस मी दळणाला गेले होते. घरी बापलेक दोघंच. मालक याऽसेन, याऽसेन म्हणत राहिले. बालाजीला वाटलं, रोजचंच हाय. तो अंगणात पाइप जोडत बसला. मी आले तवा मालकाची बाज सगळी घाण झाली होती आन् ते तोंडावर डावा हात घेऊन पडले होते. त्यांना शौचाला जायचं होतं. तेच ते सांगून राहिले होते.

बालाजीनं मला हात लावू दिला न्हाई. त्यानंच बापाला धुतलं, कपडे बदलले, बाज अंगणात नेऊन धुतली. मंग पायात चपला घातल्या आन् हैदरभाईच्या घराकडं गेला.

हैदरभाई आले तवा उन्हाळा तापला होता. उंबऱ्यातूनच म्हणले, "काय दादा, मला सोडून एकलेच सवारी काढून राहिले व्हय?"

मालक अर्ध्या तोंडानं हसले. आजारी पडल्यापासून ते पहिल्यांदा हसले.

हैदरभाईनं बाजंवर बसून मांडीवर हात मारला. "या हसन."

"या हुसेन." सगळा. साफ. जसा ढोलासंग यायचा तसा.

त्या दिशी त्यायनं किती बार म्हणलं असंल. मंग हैदरभाईनं त्याच सुरात म्हणलं, "पाणी द्या." मालकाच्या तोंडून निघालं, "पा." हैदरभाई रोज येत राहिले. आजबी "पा" च्या पुढं गाडी न्हाई. मी डॉक्टरला इचारलं, हैदरभाईला तीन महिन्यांच्या आत आणलं असतं तर? ते म्हणले, "सांगता येत नाही आजी. तेव्हाही आलं नसतं कदाचित." मला बरं वाटावं म्हणून म्हणले का खरंच, ते मला कळलं न्हाई. ज्याला त्याला मी हेच सांगते, वाट पाहू नका. ज्याच्या आवाजानं माणूस बोलतो त्याला आधी आणा, मंग तो कोण हाय ते पाहा.

मी अडाणी बाई. देव एक का दोन, मला इचारू नका. पण माणसाला हाक मारायला कोणीतरी लागतं, एवढं मी पाह्यलं. तहान लागली, दुखलं, भ्या वाटलं, तर मालकाजवळ एकच हाक उरली. ती बी आमी लोकांपासून लपवली.

आता बालाजी शेतातून आला की बाजंवरून आवाज येतो, "या हुसेन." तो म्हणतो, "आलो दादा." आधी पाणी इचारतो, मंग संडास, मंग कूस बदलायची का. त्याच्या तोंडून तो शब्द निघत न्हाई. पण कोणता सूर कशाचा, हे आता माझ्यापेक्षा त्याला चांगलं कळतं.

पेरणीच्या टायमाला मोहरम आला. सवारी आमच्या गल्लीत आली न्हाई, दुरून शिवाराच्या वाटेनं गेली. ढोल ऐकला आन् मालक उठायला लागले. डावा पाय खाली टेकवला, उजवा पाय डाव्या हातानं वढला. बालाजीनं मागून धरलं आन् उभं केलं. मी सैपाकघराच्या दारातून पाहत राहिले.

"आई," बालाजी म्हणला, "तांब्या आण. काहून उभी राह्यलीस?"

मी तांब्या आणला. जित्या पायावर वतलं, मेल्या पायावर वतलं, वाकून पाया पडले. मालक म्हणले, "या हुसेन," मोठ्यानं.

बाहेरच्या दाराची कडी मातर आतून लावलेली होती. कोणी लावली, मी इचारलं न्हाई.