टाचणीकाकांची सुरगाठ

चाळीस वर्षं कपडे शिवताना ओठांत दोन टाचण्या धरूनच ते बोलायचे, म्हणून गल्लीने त्यांचं नाव टाचणीकाका ठेवलं. मशीन बंद केल्यावर माणूस बागेत शिरला तो शिरलाच. रविवारी सकाळी अंजिराखाली चार खुर्च्या पडत: काका, काकू, नात आणि शेजारचे मास्तर. मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, गळ्यात सदा कॅमेरा. साधा सरडा दिसला तरी चौघं श्वास रोखायची. घरट्याकडे बोटसुद्धा दाखवायचं नाही, हा काकांचा कायदा होता.

यंदा अंजिरावर शिंप्याने घर केलं. शिंपी म्हणजे एवढासा पक्षी. मोठी पानं चोचीने टोचून शिवतो आणि त्या पिशवीत अंडी घालतो. काकांना तर धंद्यातला भाऊच भेटला. ते कुंपणावर दोऱ्यांचे तुकडे ठेवू लागले. एक दिवस पानाच्या शिवणीत त्यांचा लाल दोरा दिसला.

"टाका वाकडा आहे, पण पक्का आहे," ते म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी आयुष्यात कुणा कारागिराचं केलं नव्हतं. घरट्याची जागा घराबाहेर फक्त मास्तरांना ठाऊक होती.

पिल्लं निघाली आणि आठवड्याभरात पिशवी फाटून लोंबायला लागली. पिल्लं गेली. काका बायकोवरच उखडले.

"पाइप जोरात सोडलास ना? शंभरदा सांगितलं होतं!"

"अहो, मी त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाही."

ऐकतो कोण! आठ दिवस काका तिच्याशी धड बोलले नाहीत. नातही आजीवर रुसली. मास्तर मात्र रोज येत, काकूंच्या हातचा चहा घेत आणि मान हलवत म्हणत, "जाऊ दे रे, वहिनींनी मुद्दाम थोडंच केलंय?"

नवव्या दिवशी मास्तर हसतच आले. काकूंनी नेहमीसारखा चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. फोटोंच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं. "तुझ्या बागेतला फोटो, तुझ्याच भिंतीला शोभेल," म्हणत त्यांनी फ्रेम काकांच्या हातात दिली.

तीन उघड्या चोची. सुरेखच होता फोटो. काकांनी सवयीने चष्मा नाकावर ओढला आणि शिवण तपासली. घरट्यावरचं झाकणाचं पान मागे ओढून फांदीला बांधलेलं होतं. निळा दोरा, दोन वेढे, डावीकडे लांब फास सोडलेली सुरगाठ. घेवड्याचा वेल बांधायला ही गाठ काकांनीच मास्तरांना शिकवली होती. एक टोक ओढलं की सुटते, पानावर वळही उठत नाही. गल्लीत दुसरं कुणी ती बांधत नाही.

केसाने गळा कापतात म्हणे. इथे दोऱ्याने कापला होता.

"किती वेळ बांधून ठेवलं होतंस?"

मास्तरांचं हसू विरलं. "दोनच तास रे. ऊन यायला हवं होतं आत. कावळा येईल असं कुणाला वाटलं... एवढ्याशा पाखरासाठी तू आता—"

"पाखराचं राहू दे," काका म्हणाले. "आठ दिवस मी हिला वाट्टेल ते बोललो, मास्तर. आणि तू समोर बसून हिचाच चहा पीत होतास."

काकू पुढे आल्या आणि मास्तरांसमोरचा कप उचलून आत घेऊन गेल्या. कप अजून अर्धा भरलेला होता.