रोही आले का?

पदवीच्या सुट्टीत मी शेंद्र्याला मामीकडे राहिले होते. मामा कंपनीत गेलेले आणि मामीला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून शेतातल्या घरी मी एकटीच होते. समोर घाट्यांवर आलेला हरभरा होता. "लक्ष ठेव गं," एवढंच म्हणून मामी गेली. मला वाटलं, घराकडे.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. "रोही आले का?"

'आले' म्हणाली, म्हणजे कोणी मोठं माणूस असणार. मी दाराकडे पाहिलं. "नाही मामी, कोणीच आलं नाही."

त्याच वेळी मी खिडकीतून तीन नीलगायींचे फोटो काढत होते. त्या हरभरा खात होत्या, तेही मला सुंदर वाटलं. इंग्रजी शाळेत मला इम्पाला, मूस, बायसन पाठ होते. नीलगाय ही गाय नसून अँटिलोप आहे, हेही ठाऊक होतं. तिला इथं रोही म्हणतात, हे कोणी सांगितलं नव्हतं. घरी गावचा शब्द तोंडात आला की आई टोकायची.

मामी परतली तोवर अर्धा हरभरा गेला होता. रोही म्हणजे त्याच, हे तिच्याकडून कळलं तेव्हा मी रडत तिला फोटो दाखवले.

"फोटू काढत बसली व्हय? हाकलायचं नाय?" मग तिने शेजारच्या शेतातल्या काकूंना हाक मारली. "उद्यापासून तुमीच बघा ओ जरा. हिला आपलं बोलणं कळत नाय."

मी तिच्या शेजारीच उभी होते.