ताडपत्रीचा तंबू

आमचे आप्पा, म्हणजे भिमाजी, यवतला हायवेवर ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. बंदराकडं जाणाऱ्या गाड्यांवरची ताडपत्री बावीस वर्षं शिवली, पण समुद्र काही पाहिला नव्हता. २००१ च्या मे महिन्यात त्यांनी दुकानात उरलेले तुकडे जोडून एक तंबू शिवला. निळा, खाकी, मध्येच पिवळा. लांबून गोधडीच वाटायचा.

"लॉज नको, हाटेल नको. एस्टीनं श्रीवर्धनला जायाचं, दोन दिस ऱ्हायाचं," त्यांनी जाहीर केलं. मग आईकडं वळून म्हणाले, "आन् भागू, तिथं तू चुलीला हात लावायचा न्हाई. भाकरी मी करनार."

मी फिदीफिदी हसले. आई हसली नाही, तिला खरंच वाटलं नसावं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात कांदे काढून आल्यावर ती सगळ्यांना वाढायची आणि शेवटी उरलेली गार भाकरी घेऊन बसायची. कालवण उरलं तर उरलं. मी दहावीपर्यंत रोज तिच्यासमोर जेवले, पण हे मला कधी दिसलं नाही. आज लिहितानाही लाज वाटते. आप्पांना मात्र ते दिसलं होतं. एकदा अचानक घरी आले, तर आई कोरडी भाकरी मिठाशी खात होती. त्यानंतर महिनाभर ते दुकानातल्या स्टोव्हवर भाकरी करायला शिकत होते. करपलेल्या भाकरींवर शेजारच्या धाब्यावरची कुत्री चांगली पोसली.

श्रीवर्धनला लोकांनी सुरूच्या झाडांखाली बस्तान मांडलं होतं. आप्पांना ते वेडे वाटले. आम्ही भीमाकाठची, वडगाव रासाईची माणसं. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं लावायची आणि राखणीची खोप पाण्याला लागून घालायची, तिथं गार असतं. आप्पांनी त्याच हिशेबानं ओल्या, गुळगुळीत वाळूत खुंट्या ठोकल्या. "पानी काय पळत येतंय व्हय आपल्याकडं?" म्हणाले.

आम्ही खडकांपर्यंत फिरून आलो, तर पाणी आलं होतं. तंबू आडवा होऊन तरंगत होता. आप्पा पँटीसकट आत धावले. तंबू आणि स्टोव्ह मिळाला, पिठाच्या पिशवीचा मात्र लगदा झाला होता. ते तिथंच मटकन खाली बसले.

आई पदर खोचून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तीन दगडं मांडते, बघते कायतरी."

नेमकं हेच त्यांना नको होतं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

मासळी वाळवणारी एक कोळीण हे सगळं बघून पोट धरून हसत होती. "भरती बघून तंबू लावायचा असतो, भाऊ!" ती म्हणाली. मग हसू आवरून, "चला माझ्या घरी."

तिच्या अंगणाशी आईचा पाय अडला. अनोळखी दारात आधी नाव, मग आडनाव आणि मग वरून ओतलेलं पाणी, हा तिचा अनुभव. या कोळीण मावशीनं काहीच विचारलं नाही. थेट माठाकडं बोट दाखवून म्हणाली, "घ्या हातानं."

तिनं तांदळाचं पीठ काढलं तशी आई चुलीकडं सरकली.

"तू बस," आप्पा म्हणाले.

"बसा वहिनी. करू दे त्यांना," मावशी म्हणाली.

आप्पांनी पीठ ज्वारीसारखं गार पाण्यात मळलं आणि पहिल्या भाकरीचे तव्यावर चार तुकडे झाले. मावशीनं उकड काढायला शिकवली. दुसरी भाकरी वाकडीतिकडी का होईना, पण टम्म फुगली. आप्पांनी ती तव्यावरून थेट आईच्या ताटात टाकली. शेजारी मावशीचं माशाचं कालवण होतं.

"आधी पोरीला..." आई म्हणाली.

"खा. गार हुईल."

तिनं घास मोडला. बोटं भाजली, फुंकर घातली आणि खाली मान घालून ती खात राहिली. आम्ही सगळे बघत होतो. मावशीचं नाव विचारायचं राहूनच गेलं, पण तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

ताट रिकामं झालं. आईनं डोळे पुसले आणि ताट आप्पांच्या पुढं सरकवलं.

"आनखी एक टाका," ती म्हणाली.

तिला काही मागून खाताना मी पहिल्यांदाच बघत होते.