दाजींच्या नाण्याचा निकाल

चांदीचा भाव चढायला लागला तसा आमच्या दाजींचा आवाजही चढायला लागला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त होऊन ते कसबा बावड्यातल्या नव्या अपार्टमेंटमध्ये राहायला आले. मी त्यांची एकुलती एक मेहुणी, तीही दोन गल्ल्या सोडून राहणारी. दाजींची चेष्टा करायचा हक्क मला त्यांच्या लग्नाच्या मांडवातच मिळाला, असं मी धरून चालते. एरवी ते मला 'मेव्हणीबाई' म्हणतात. चिडले की नुसतं 'बाई'.

दाजींच्या कपाटात नाण्यांचा एक संच होता. कुठल्याशा निमित्तानं सरकारी टांकसाळीनं काढलेला, आगाऊ पैसे भरून टपालानं मागवलेला. निळ्या मखमली डबीत दोन नाणी: एक शंभराचं, जाडजूड, चांदीचं, शेजारी पाचाचं, साधं. दोन्ही अशी चकचकीत की तोंड बघून भांग पाडावा. ही नाणी बाजारात चालवायची नसतात, जपायची असतात. दाजींनी ती इतकी जपली की स्वतःही कित्येक वर्षांत डबी उघडली नव्हती.

"भाव बघितलासा काय चांदीचा?" एका सकाळी चहाला गेले तर दाजी पेपर हलवत म्हणाले. "नुसत्या वजनाचं एवढं येतंय, तर सेटचं काय ईल!"

"मग विका की," अक्का आतून म्हणाली. "मला ओटा नवा करायचा हाय."

"असा न्हाय विकायचा. आधी गुण पाडून घ्यायचे." दाजींनी मोबाईलवर बरेच व्हिडिओ पाहिले होते. नाणं मुंबईच्या एका कंपनीकडे पाठवायचं, तिथली जाणकार माणसं भिंगाखाली ते तपासणार, सत्तरपैकी गुण देणार आणि नाणं कडक प्लॅस्टिकच्या चौकटीत कायमचं बंद करून पाठवणार. मग घेणारा कुठल्याही गावचा असो, लेबल बघून पैसे मोजतो.

"सत्तरपैकीच का वो? शंभरपैकी का न्हाय?" मी विचारलं.

"तोंडी परीक्षेचे तीस तुमच्यासाठी ठेवल्यात, मेव्हणीबाई."

आम्ही नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्याच्यामार्फतच ती मुंबईला जायची होती. दाजींनी कोरोनाच्या काळातले रबरी हातमोजे शोधून काढून घातले होते, त्यामुळे दुकानातल्या गिऱ्हाइकांना ते कुठले तरी डॉक्टर वाटले. व्यापाऱ्यानं डबी उघडली, मोठं नाणं उजेडात तिरकं धरलं, पुन्हा दुसऱ्या बाजूनं धरलं, आणि विचारलं, "पावणं, ह्ये कुणी हाताळलंय काय?"

"हवासुद्धा लागू दिली न्हाय!" दाजी छाती काढून म्हणाले.

व्यापाऱ्यानं डबी मिटली. नाणी ठेवून घेतली आणि फी आगाऊ घेतली.

पुढचे दिवस दाजींचे बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या पोराच्या बापासारखे गेले. व्यापाऱ्याला रोज फोन. मी मुद्दाम विचारायची, "दाजी, पेढे कुठनं आणायचे?" आणि ते खरंच दुकानाचं नाव सांगायचे. अक्का मात्र या सगळ्यात फारशी बोलत नव्हती. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पार्सल आलं तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. दाजींनी हात न धुताच ते फोडलं. पाचाच्या नाण्याला सत्तरपैकी अडुसष्ट! दाजींनी ते माझ्या नाकासमोर नाचवलं. मग मोठं नाणं बाहेर काढलं, चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"बाई," ते म्हणाले, "ह्ये वाचा."

मी वाचलं. चौकटीच्या लेबलावर आकडाच नव्हता. नुसता शेरा होता: 'क्लीन्ड'.

दाजींनी व्यापाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. तो शांतपणे म्हणाला, "नाणं घासलंय कुणीतरी. भिंगाखाली बारीक रेघा दिसत्यात. घासलेल्याला आकडा देत न्हाईत."

"मग किंमत?"

"चांदीची ईल थोडीफार. त्यातबी निम्मीच चांदी हाय, बाकीचं तांबं आन् काय काय. हौशी माणूस आता घेणार न्हाय."

फोन ठेवून दाजींनी घरातल्या दोन बायकांकडे आळीपाळीनं पाहिलं. "कुणी घासलं?"

अक्का भात वाढत होती. तिचा हात जराही थांबला नाही. "मी. दर साली घासते की. लक्ष्मीपूजनाला."

"दर साली!"

"तुम्ही खाली फटाके वाजवायला गेलासा की काढायची. कपाटाची किल्ली माझ्याकडंच असती न्हवं? पयल्यांदा चिंचेनं घासलं. मग ती चांदीची पावडर मिळायला लागली, तिनं झकास निघतं."

"अगं, पर ते घासायचं नसतं!"

"काळपट नाणं लक्ष्मीपुढं ठेवू? आन् घासलंय हे त्या मुंबईच्या लोकांनी बरूबर वळखलं, म्हंजे माणसं हुशार हायत. फी वाया गेली न्हाय तुमची."

मी ताटात मान घातली. हसू दाबताना आमटी नाकात गेली.

"आन् ह्या पाचाच्याला?" दाजींनी क्षीण आवाजात विचारलं.

"ते कुठं चांदीचं होतं? त्याला हातच लावला न्हाय."

म्हणून पाचाचं नाणं विशेष प्रावीण्यात पास आणि शंभराचं नापास! दाजी दोन दिवस अक्काशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गुजरीत एका सराफाकडे गेले. तो म्हणाला, आधी प्लॅस्टिक फोडू, मग वजन करू. त्यानं हातोडी काढल्यावर दाजींनी झडप घालून नाणं परत घेतलं. ते नाणं खिशात घालून घरी आले आणि 'विकायचं न्हाय' म्हणून जाहीर केलं.

पण गप्प बसतील ते दाजी कसले! कागलचे त्यांचे एक जुने स्नेही आले. शेती, डेअरी, बोलायला मोकळे. दाजींनी दोन्ही चौकटी त्यांच्यापुढं मांडल्या.

"ह्याला अडुसष्ट गुण. आन् ह्याला बघा, क्लीन्ड. म्हंजे एकदम स्वच्छ. असा शेरा शंभरात एखाद्याला मिळतो."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

पाहुणे नाणं उलटसुलट करत राहिले. "आमच्याकडंबी हायत असले दोन सेट, थोरल्या भावानं घेतल्यात. पण जरा पिवळं पडल्यात. आम्हास्नी मिळंल काय असा शेरा?"

"मिळंल की," अक्का चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. "पावडरचं नाव लिहून देते. ओल्या फडक्यावर घ्यायची आन् जोर लावून घासायचं. हमखास मिळतोय."

पाहुण्यांनी नाव लिहून घेतलं, खिशात ठेवलं, चहा संपवला आणि निघाले. दाजी सोफ्यावर पुतळ्यासारखे बसले होते. जिन्यातून चपलांचा आवाज खाली गेला. अक्का शांतपणे कपबशा गोळा करायला लागली.

मोटरसायकल सुरू झाली तसे दाजी उठले. अनवाणीच पळाले. आम्ही दोघी गॅलरीत धावलो. खाली पार्किंगमध्ये त्यांनी पाहुण्यांच्या गाडीचं हँडल धरलं होतं आणि सगळ्या अपार्टमेंटला ऐकू जाईल असं ते ओरडत होते, "पावणं, घासू नका! आमचं नापास झालंय वो!"